ऐकून वाचलेला तक्ता

आमच्या घरातून पिठाचा वास कधी गेला नाही. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गावात पिठाची गिरणी होती आणि गिरणीमागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. सकाळी इंजिन सुरू झालं की मांडणीवरची ताटं थरथरायची, आणि दुपारी ते बंद पडलं तरी माय बराच वेळ मोठ्यानंच बोलत राहायची. ज्वारी दळायचा आवाज वेगळा, गव्हाचा वेगळा, आणि हरभऱ्याची डाळ पडली की पट्टा कुरकुरायचा. बायका डोक्यावर डबे घेऊन यायच्या, मी दारात बसून ते ओळीनं मांडून घ्यायचे. कुणाचा डबा बुडाला पोचलेला, कुणाच्या कडीला तार गुंडाळलेली, कुणाच्या झाकणाखाली लुगड्याची चिंधी. नुसता हात लागला की मला मालकीण कळायची, आणि दळण ज्याचं त्याला बिनचूक जायचं. गिरणीवाल्याची पोरगी लय हुशार, डोळ्यात तेल घालून काम करते, असं बायका कौतुकानं म्हणायच्या. माझ्या डोळ्यांचं कौतुक करणाऱ्या त्या पहिल्या आणि शेवटच्या.

कारण माझे डोळे जन्मापासूनच अधू. आंधळी म्हणावं तर तशीही नाही. माणूस समोर आला की माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते बोलल्यावर कळतं. रस्ता दिसतो, रस्त्यातला खड्डा दिसत नाही. पुस्तक नाकापासून तीन बोटांवर धरलं की अक्षर दिसतं, एका वेळी एक शब्द. वर्गातला फळा म्हणजे माझ्यासाठी एक काळी भिंत, तिच्यावर गुरुजी काय रेघोट्या ओढतात ते त्यांनाच ठाऊक. चष्म्यानं काही होणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी लहानपणीच सांगून टाकलं होतं. एवढीच माझी गोष्ट, सांगायला दोन मिनिटं लागतात. पण ती ऐकून घ्यायला अख्ख्या शिक्षण खात्यात दहा वर्षांत कुणाला दोन मिनिटं मिळाली नाहीत, म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. वाचणाऱ्याला त्यात राग दिसला तर तो आहेच, झाकायचा विचार नाही.

पहिलीत घालायला माय मला घेऊन गेली तेव्हा गुरुजींनी लांबून पाटी दाखवली आणि काय लिहिलंय ते विचारलं. मी पाटीजवळ चालत गेले, नाक टेकवलं आणि बरोबर सांगितलं. गुरुजी मायला म्हणाले, हिला आंधळ्यांच्या शाळेत घाला, इथं हिच्यामागं कोण फिरणार. मग अण्णांनी एक दिवस गिरणी बंद ठेवली आणि मला दोन एसट्या बदलून दुसऱ्या जिल्ह्यातल्या आंधळ्यांच्या शाळेत नेलं. तिथल्या साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकला. मी आवाजाच्या दिशेनं वाकून तो उचलला. साहेब म्हणाले, हिला दिसतंय की, आणि मुलींच्या राहण्याची सोय आमच्याकडे नाही. म्हणजे एका शाळेला मी फार आंधळी होते आणि दुसरीला पुरेशी नव्हते. परतीच्या वाटेवर अण्णांनी मला शेवचिवडा घेऊन दिला. ते वर्ष मी डबे मांडत घरी काढलं.

पुढच्या साली त्या गुरुजींची बदली झाली. माय मला पुन्हा शाळेत घेऊन निघाली. वाटेत ती थांबली, माझ्यासमोर खाली बसली, माझ्या वेणीची रिबीन सारखी केली आणि म्हणाली, “कुनी इचारलं तर दिसतंय म्हनायचं. न्हाई म्हनलीस तर जलमभर घरी बसशील.” मी सात वर्षांची होते. मायला मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. अंगठा उठवणारी बाई ती, पण तिनं शाळा बरोबर ओळखली होती. नव्या गुरुजींनी दिसतंय का म्हणून विचारलं, मी दिसतंय म्हणाले, त्यांनी नाव लिहून घेतलं. शाळेत जायला जे खोटं बोलावं लागलं ते तिथं टिकायला रोज बोलावं लागणार होतं, हे आम्हा दोघींना तेव्हा कळलं नाही.

ते मी कसं निभावलं ते सांगते, कारण कुणाला वाटेल ही अतिशयोक्ती आहे. माझ्या शेजारी शोभा बसायची, आमच्याच आळीतली. मधल्या सुट्टीत आम्ही शाळेमागच्या लिंबाखाली बसायचो. मी माझी भाकरी आणि अंबाडीची भाजी तिच्याकडे सरकवायचे, आणि ती खाता खाता दुसऱ्या दिवशीचा धडा मला वाचून दाखवायची. एकदा, फार तर दोनदा. तेवढ्यात तो माझा पाठ झालेला असायचा. वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की मी पुस्तक इतरांसारखं हातभर लांब धरायचे, कारण नाकाशी धरलं की पोरं हसायची, आणि घडाघडा म्हणायचे. मधूनमधून मुद्दाम अडखळायचे, म्हणजे वाचते आहे असं वाटावं. सहावीत माझ्या भाषेच्या पुस्तकातली चार पानं निसटून गेली होती. मला त्याचा पत्ताच नव्हता. नसलेली चारही पानं मी वर्गात खणखणीत वाचली, गुरुजी शेजारी उभे राहून ऐकत होते, आणि त्यांनी मला शाबासकी दिली. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं की मी शोभाच्या कुजबुजीवर लिहायचे. ती आजारी पडली की त्या दिवशी माझ्या हातावर छड्या ठरलेल्या.

आठवीपासून आम्ही जवळच्या सोनपेठच्या एका हायस्कुलात जाऊ लागलो. भाषा, इतिहास, भूगोल मी तोंडपाठ करून ओढले, पण गणित काही ऐकून येत नव्हतं. दहावीला जाधवबाई नव्यानं आल्या. त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढून मला एका कोनाचं नाव विचारलं. मी अंदाजानं सांगितलं, चुकलं. दुसरं सांगितलं, तेही चुकलं. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, वहीवर जाड शाईनं त्रिकोण काढला आणि माझं बोट धरून त्याच्या तिन्ही बाजूंवरून फिरवलं. मग मी सगळी उत्तरं बरोबर दिली. “कधीपासून गं?” एवढंच त्यांनी विचारलं आणि मला रडू कोसळलं. नऊ वर्षं ज्या शाळांत मी रोज बसत होते, तिथं मला हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस.

बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना लेखनिक मिळतो, हे बाईंनीच सांगितलं. खालच्या वर्गातली मुलगी प्रश्न वाचून दाखवते, आपण सांगू ते लिहिते, वेळही जास्त मिळतो. मला वाटलं बाई माझी समजूत घालताहेत, इतकं चांगलं सरकारी काही असतं यावर माझा विश्वास बसेना. बाई मला घेऊन हेडसरांकडे गेल्या. हेडसर म्हणाले, डॉक्टरी कागद आणा, कागदाशिवाय लेखनिक नाही. बाई म्हणाल्या, सर, पोरगी समोर उभी आहे, पुस्तक देऊन बघा. हेडसरांनी पुस्तक दिलं नाही. समोरची पोरगी त्यांना दिसत नव्हती, न आलेला कागद दिसत होता. परीक्षेचे फॉर्म भरायला महिनाही उरला नव्हता. नशिबानं त्याच पंधरवड्यात अपंगांना दाखले देण्याचं शिबिर भरणार असल्याचं कळलं, आणि मायनं तिचं ठेवणीतलं इरकल बाहेर काढलं.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं आणि तपासणी वरच्या मजल्यावर. हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खाली जेवणाची पंगत बसेल एवढा रिकामा हॉल होता, त्यात उद्घाटनाच्या खुर्च्या आणि हार ठेवले होते. आणि पाय नसलेली माणसं हातावर सरकत जिना चढत होती. एक म्हातारा नातवाला पाठुंगळी घेऊन मधल्या पायरीवर धापा टाकत बसला होता. स्वयंसेवक छातीला बिल्ले लावून खालीवर पळत होते आणि रांग नीट करा म्हणून ओरडत होते. डोळ्यांची रांग दोनेक तास हलत होती. त्या खोलीला दार नव्हतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि प्रत्येक जण एक डोळा झाकून तो मोठ्यानं वाचत होता. ग. मग त, न. मग र, प, ल. कुणी तीन ओळी वाचून थांबे, कुणी पाच, कुणाला सगळ्या सात यायच्या. मी रांगेत मायच्या पदराला धरून उभी होते आणि मुद्दाम काही करत नव्हते. पण माझे कान नऊ वर्षं दुसरं काहीच शिकले नव्हते. निम्मी रांग सरली तोवर तो तक्ता माझ्या डोक्यात छापून बसला होता.

आत जायच्या आधी माय म्हणाली, जे दिसतंय तेच सांग, आज लपवू नको. मी मान हलवली. आत डॉक्टर टेबलाशी होते, कागदातून मान वर न काढता त्यांनी मला खुणेवर उभं केलं. डावा डोळा झाका, म्हणाले. मी झाकला. “वाच,” म्हणाले. तो शब्द त्या सुरात कानावर पडला आणि मी वर्गात उभी राहिले. खरं सांगते, मी तक्त्याकडे बघितलंही नाही. घरी बसवतील ही सात वर्षांच्या पोरीची भीती वर आली आणि तोंड सुरू झालं. ग. त, न. र, प, ल. सातव्या ओळीचं शेवटचं अक्षर मी म्हणून टाकलं, तेही मध्ये जरा अडखळून, सवयीनं. दुसरा डोळा झाका, म्हणाले. मी पुन्हा सगळं म्हटलं. मग शिक्का आपटल्याचा आवाज आला आणि तेव्हा मला कळलं की मी काय केलं आहे.

डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, उगाच गर्दी कशाला करता. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली नव्हती. माय पुढं झाली. सायेब, तिला दिसत न्हाई, म्हणाली. मग वाचलं कसं, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, रांगेत ऐकून. डॉक्टर हसले, शेजारचा कारकूनही हसला. दिसत असून न दिसायचं नाटक करणारे त्यांनी सकाळपासून बरेच पाहिले होते म्हणे, हे उलटं नाटक त्यांना नवीन होतं. माय हटली नाही. तक्त्याशेजारी भिंतीवर दुसरा एक तक्ता होता, तीन दांड्यांच्या खुणांचा. ज्यांना लिहिता वाचता येत नाही ते खुणेची तोंडं कुठं वळली आहेत ते नुसत्या हातानं दाखवतात, तोंडानं काही बोलत नाहीत. मायचे स्वतःचे डोळे एकदा तसे तपासले होते.

“मला अक्षर येत न्हाई, तर मला त्यो तक्ता लावता. मंग हिला बी त्योच लावा. ऐकायला काई ऱ्हानार न्हाई.”

चाळीस वर्षं झाली, पण यापेक्षा अक्कलेचं वाक्य मी कुठल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, “अहो बाई, तो तक्ता अडाण्यांसाठी आहे. ही दहावीला आहे.” कारकुनानं पुढच्याचं नाव पुकारलं. स्वयंसेवकानं मायला दंडाला धरून बाजूला केलं. जिन्यावरून उतरताना मी मायची माफी मागत होते आणि ती मला गप म्हणत होती. त्या दिवशी एसटीत तिनं भाकरीचं फडकं सोडलंच नाही, तसंच घरी परत आणलं.

त्या कागदानं हेडसरांचं काम सोपं झालं. आधी कागद नव्हता म्हणून लेखनिक नव्हता, आता कागदच सांगत होता की लेखनिक नको. जाधवबाई भांडल्या. त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करू नका म्हणून दटावलं गेलं, तरी त्यांनी केली, आणि तिचं उत्तर अजून यायचं आहे. मी इतरांसारखीच परीक्षेला बसले. प्रश्नपत्रिकेवरची अक्षरं मुंगीएवढी. पहिला तास नुसता प्रश्न वाचण्यात जायचा. भाषा आणि इतिहास मी उरलेल्या वेळात रेटले. गणिताच्या पेपरला मी नाक कागदाला लावून आकृती शोधत होते, तेवढ्यात पर्यवेक्षकांनी प्रश्नपत्रिका माझ्या हातातून ओढली. त्यांना वाटलं मी खाली चिठ्ठी लपवली आहे. त्यांनी बाक तपासला, पॅड उलटं करून बघितलं, मला ओढणी झटकायला लावली. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता. काही सापडलं नाही तेव्हा त्यांनी विचारलं, मग असं वाकडं होऊन काय करतेस.

“सर, मला दिसत न्हाई,” मी म्हणाले. शाळेच्या इमारतीत, चारचौघांत, हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

ते म्हणाले, “मग परीक्षेला कशाला बसलीस?”

माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी कागद परत दिला, हळू आवाजात लवकर आटप म्हणाले आणि जाऊन खुर्चीवर बसले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, आणि मला राग त्या आश्चर्याचाच येतो. पुढं मी टेलिफोन ऑपरेटर झाले, तीस वर्षं परभणीच्या एका कार्यालयात शेकडो नंबर तोंडपाठ ठेवून माणसांना माणसं जोडून दिली, निवृत्त झाले. आता कायदे चांगले आहेत, माझा फोन मला पेपर वाचून दाखवतो, शाळांना उतरते रस्ते बांधलेत आणि त्यांच्या तोंडाशी मास्तरांच्या मोटारसायकली उभ्या असतात. मागच्याच महिन्यात राणीसावरगावकडून एका बाईचा फोन आला. तिच्या लेकीची नजर माझ्यासारखीच. उंच आहे म्हणून तिला वर्गात शेवटच्या बाकावर बसवतात. पुढं बसवा म्हटलं तर शाळा म्हणते, कार्ड काढून आणा, मग बघू. पहिल्या बाकावर बसायला कार्ड. मी फोनवर त्या बाईला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि बिचारीचा त्यात काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शाळेत जाऊन बसले आणि मुलीला पुढं आणल्याशिवाय उठले नाही.

माझा निकाल लागला तेव्हा गणित आणि शास्त्र गेलं होतं. अण्णांनी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ पट्ट्याशी काहीतरी करत राहिले. हेडसर मायला म्हणाले, सगळ्यांच्याच नशिबात शिक्षण नसतं. मायनं पुढचं शिबिर कधी आहे ते जाधवबाईंना विचारलं आणि शिबिराच्या दिवशी आम्ही दोघी पहाटेच्या गाडीनं निघालो.

कार्यालय तेच, जिना तोच, रांगही तशीच. डॉक्टर मात्र वेगळे होते. रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका बाईनं मायला सल्ला दिला, एक बी अक्षर म्हनू देऊ नका, म्हनलं की कागद गेला. फार उशिरा, नोकरीत असताना, मला एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की फक्त वरचं मोठं अक्षर दिसतं, असं खरं सांगितलं असतं तरी दाखला मिळाला असता. पण त्या रांगेत हे सांगणारं कुणी नव्हतं, ना बिल्लेवाले, ना कारकून. मायनं माझा दंड घट्ट धरला. मी कानांत बोटं घालून उभी राहिले, आमचा नंबर येईपर्यंत.

खुणेवर उभी राहिले आणि ह्या वेळी मी तक्त्याकडे बघितलं. समोरच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. सगळ्यात वर तळहाताएवढं, काळंभोर, एकटं अक्षर होतं, आणि ते मला दिसलं. ग. त्याचा वळसा दिसला, काना दिसला, डोक्यावरची रेघ दिसली. शोभानं सांगितलेलं नव्हे, रांगेत ऐकलेलं नव्हे, माझ्या डोळ्यांनी. दहा वर्षं शाळेत जाऊनही भिंतीवरचं एक अक्षर मी तोवर वाचलेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मागं वळून मायला सांगावंसं वाटलं.

“वरचं अक्षर दिसतंय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई,” मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. ऑक्टोबरच्या परीक्षेत लेखनिक घेऊन मी पास झाले.